काळोखाच्या कथा आणि घरातले मौन

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींच्या कपाटात आज जी पुस्तके दिसतात, त्यांतील बरीचशी पालकांनी कधी उघडलेली नसतात. मूल वाचते आहे याचेच समाधान मोठे असते. मोबाइलपेक्षा पुस्तक बरे, अशा विचाराने ते हौसेने विकतही घेऊन दिले जाते. मग एखाद्या दिवशी सहज पाने चाळताना ध्यानात येते की, या कादंबरीत शाळकरी मुले एकमेकांचे प्राण घेत आहेत. दुसरीत एका मुलीने आत्महत्या केली आहे. तिसरीत झालेल्या अत्याचारानंतर नववीतली मुलगी बोलेनाशी झाली आहे. सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरात अशा वेळी जे घडते, ते बहुधा ठरलेले असते. एक तर पुस्तक काढून घेतले जाते, नाही तर ‘आजकालची पिढीच अशी’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. दोन्ही प्रसंगी त्या पुस्तकात काय होते आणि मुलाला ते का वाचावेसे वाटले, याविषयी घरात एक शब्दही उच्चारला जात नाही. पुस्तकाइतकीच चिंता या मौनाचीही करावयास हवी.

हा साहित्यप्रकार मूळचा अमेरिकेचा. तेथे १९६७ साली एस. ई. हिंटन या अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. श्रीमंत आणि गरीब वस्त्यांतील मुलांच्या टोळ्या, त्यांच्या मारामाऱ्या आणि त्यांतून ओढवलेले मृत्यू तिच्यात आले. १९७४ मध्ये रॉबर्ट कॉर्मियर यांची ‘द चॉकलेट वॉर’ आली. शाळेतील दांडगाईपुढे एकटा उभा राहणारा मुलगा शेवटी पराभूत होतो, असा तिचा कडवट शेवट होता. किशोरांसाठीची गोष्ट गोड शेवटाचीच असली पाहिजे, हा संकेत येथे मोडला. १९९९ मध्ये लॉरी हाल्स अँडरसन यांच्या ‘स्पीक’ या कादंबरीने बलात्कारानंतर मूक झालेल्या मुलीची कथा सांगितली. २००८ मध्ये सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ आली आणि हा प्रवाह जगभर पसरला. चित्रपट, वेब मालिका आणि घरपोच पुस्तके यांच्या वाटेने तो मराठी घरांतही येऊन पोचला आहे.

अमेरिकेतही यावर वाद झाले. २०११ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये मेघन कॉक्स गर्डन यांनी या पुस्तकांतील काळोखावर कठोर टीका केली. मुलांच्या मनावर विकृतीचे थर चढत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. लेखकांनी आणि तरुण वाचकांनी त्यांना तितक्याच जोराने उत्तर दिले. ज्या मुलांच्या आयुष्यात काळोख आधीच आहे, त्यांना ही पुस्तके आधार देतात, असे त्यांचे म्हणणे होते. तेथील ग्रंथालय संघटना दरवर्षी सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध करते. तिच्यात ‘द हंगर गेम्स’ आणि ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही दोन्ही नावे येऊन गेली आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु पुस्तक फळीवर ठेवावे की काढावे, या प्रश्नाभोवतीच तो सारा वाद फिरत राहिला. ते पुस्तक वाचणाऱ्या मुलाजवळ कोण बसणार, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. भारतीय समाजाला या विषयात जगाला काही सांगता येण्यासारखे असेल, तर ते याच ठिकाणी आहे.

मुलांच्या कानांवर भीषण काही पडूच नये, अशी या देशाची रीत कधी नव्हती. महाराष्ट्रात श्रावणात शिवलीलामृताचे वाचन होते. त्यातील श्रियाळ-चांगुणेची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना ती जन्मभर विसरता येत नाही. अतिथीच्या मागणीसाठी आईबापांनी आपल्या चिलया बाळाला स्वहस्ते मारावे, आईने त्याचे मस्तक उखळात कांडावे, याहून भयंकर प्रसंग कोणत्या थरारकादंबरीत असेल? हरिश्चंद्राच्या आख्यानात राजा पत्नीला आणि मुलाला विकतो. पुढे तीच माता मृत पुत्राला घेऊन स्मशानात येते आणि तिच्याकडे कर मागणारा तिचा पतीच असतो. प्रल्हादाची कथा म्हणजे स्वतःच्या पित्याकडून होणाऱ्या छळाची कथा आहे. ध्रुवाची कथा सावत्र आईने केलेल्या अपमानापासून सुरू होते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्रीच्या अंधारात पांडवांच्या शिबिरात शिरून द्रौपदीच्या झोपलेल्या पुत्रांची हत्या करतो. गुरू गोविंदसिंहांचे धाकटे साहिबजादे जोरावरसिंह आणि फतेहसिंह यांचे बलिदान शाखेतील बाल स्वयंसेवकांना आजही सांगितले जाते. ते दोघे तर ऐकणाऱ्या बालांहूनही लहान होते.

या साऱ्या कथा ऐकून मुले बिघडली नाहीत. याचे कारण त्या सौम्य होत्या हे नव्हे. त्या एकट्याने ऐकायच्या नव्हत्या. कीर्तनात आख्यान लागले की आजोबा, मुलगा आणि नातू एकाच सतरंजीवर बसत. चांगुणेचा विलाप ऐकताना आजीच्या डोळ्यांना पदर लागे आणि मांडीवरचे पोर ते पाहत असे. दुःख झाले तर रडावे, पुन्हा उठावे, हे त्याला उपदेशावाचून समजत असे. बुवा मध्येच थांबून प्रश्न विचारीत, पूर्वरंगातील तत्त्वाचा धागा उत्तररंगात पुन्हा हाती घेत. घरी परतताना मुलाच्या शंका सुरू होत आणि वाटेत त्यांची उत्तरेही मिळत. महाभारताची रचनाच मुळी संवादाची आहे. वैशंपायन सांगतात, जनमेजय विचारतो. जो कुलसंहार सांगितला जात आहे, तो या तरुण राजाच्या स्वतःच्या पूर्वजांचा आहे. त्याला ते लपवून सांगितले जात नाही आणि विचारण्यापासून रोखलेही जात नाही. पंचतंत्रात विष्णुशर्मा राजपुत्रांना कपट, विश्वासघात आणि हत्या यांच्या गोष्टी बेधडक सांगतो, कारण उद्या राज्य करावयाचे असलेल्या मुलांना जग कसे आहे हे आधी कळले पाहिजे, याची त्याला जाणीव आहे. परंतु प्रत्येक गोष्टीपाशी तो स्वतः हजर आहे.

आजच्या किशोराच्या हाती गोष्ट आली आहे, पण गोष्ट सांगणारा निघून गेला आहे. एकत्र कुटुंब विभागले, आजी-आजोबा गावी राहिले, कीर्तन वर्षातून एखाद्या उत्सवापुरते उरले आणि जेवणाच्या ताटासमोर दूरदर्शन संच व नंतर मोबाइल आला. एकांतात वाचणे हा काही अपराध नाही. आजच्या पालकांच्या पिढीनेही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवून वाचल्या आहेत. मात्र त्या कथांतला खून परक्या जगातला असे. झुंजार किंवा काळा पहाड यांच्या साहसाचा वाचकाच्या घराशी, शाळेशी संबंध नसे. आजच्या कादंबरीतला बळी आणि अपराधी दोघेही वाचकाच्याच वयाचे असतात, त्याच्यासारख्याच वर्गात बसतात. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर मुलाच्या मनात जो प्रश्न उरतो, तो त्याच्या स्वतःविषयीचा असतो.

अशा पुस्तकांना सरसकट एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. ‘द हंगर गेम्स’मध्ये एका काल्पनिक राष्ट्राची राजधानी आपल्या अंकित बारा प्रांतांतून दरवर्षी बारा ते अठरा वयाचा एकेक मुलगा आणि एकेक मुलगी निवडते आणि त्या चोवीस जणांना एकमेकांशी मरेपर्यंत झुंजावयास लावते. हा संहार दूरचित्रवाणीवर खेळ म्हणून दाखविला जातो. बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीचे नाव निघताच सोळा वर्षांची कॅटनिस स्वतः पुढे होते. या राष्ट्राचे नाव ‘पॅनेम’ आहे आणि प्रजेला भाकरी व खेळ देऊन गप्प ठेवण्याच्या प्राचीन रोमन रीतीवरून ते घेतलेले आहे. प्राचीन ग्रीसची एक पुराणकथा आणि दूरचित्रवाणीवर एकामागून एक दिसलेली स्पर्धेची व युद्धाची दृश्ये यांतून ही कल्पना सुचल्याचे लेखिकेने सांगितले आहे. पुस्तकात हिंसा आहेच. परंतु दुसऱ्याचे दुःख करमणूक म्हणून पाहणाऱ्या प्रेक्षकावर त्याचा खरा रोख आहे. रस्त्यावरील अपघाताचे चित्रण करीत उभे राहणाऱ्या गर्दीचा विषय ज्या घरात निघतो, त्या घरात या पुस्तकावरही बोलता येईल. बहिणीसाठी पुढे होणाऱ्या मुलीविषयी बोलण्यासाठी तर भारतीय पालकाला वेगळी तयारी करावी लागू नये.

जे अशी चर्चा न होताच वाचले किंवा पाहिले जाऊ नये, असेही पुस्तक आहे. जे ॲशर यांची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही कादंबरी २००७ मध्ये आली. आत्महत्या केलेल्या हॅना बेकर या विद्यार्थिनीने मागे ठेवलेल्या ध्वनिफितींतून तिची कथा उलगडते. तेरा कारणे आणि त्यांना जबाबदार असलेली माणसे ती सांगत जाते. तिच्यावर नेटफ्लिक्सने काढलेली मालिका ३१ मार्च २०१७ रोजी प्रदर्शित झाली. तिच्यात आत्महत्येचे दृश्य विस्ताराने दाखविलेले होते. पुढे अमेरिकेतील संशोधकांनी आकडेवारी तपासली, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये दहा ते सतरा वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी अधिक आढळले. ही वाढ मालिकेमुळेच झाली, असे त्यावरून सिद्ध होत नाही, हे त्या संशोधकांनीही मान्य केले होते आणि इतर अभ्यासकांनी या निष्कर्षाला आक्षेपही घेतले. तरीही जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ते दृश्य काढून टाकले. पालकांनी दिलेला इशारा सर्वस्वी जुनाट नव्हता, एवढे यावरून म्हणता येते.

या कथेचा दोष तिच्यात मृत्यू आहे हा नाही. मेल्यानंतर सर्वांना धडा शिकविता येतो, जिवंतपणी ज्यांनी ऐकले नाही त्यांना मग ऐकावेच लागते, अशी एक फसवी समजूत ती कोवळ्या मनात रुजवू शकते. मेलेल्या माणसाला कोणाचा पश्चात्ताप पाहता येत नाही, हे तेथे कोणीतरी सांगितले पाहिजे. पण याच कथेतील एक प्रसंग पालकांनी आणि शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. सर्व मार्ग खुंटल्यावर हॅना शाळेतील समुपदेशकाकडे जाते. ती अडखळत, सूचक बोलते. त्याला तिचे म्हणणे पुरते उमगत नाही आणि ती उठून निघून जाते, तेव्हा तिच्या मागे कोणी येत नाही. एखादे मूल स्पष्ट शब्दांत मदत मागेल, अशी वाट पाहणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्यासाठी तो प्रसंग आहे.

हा प्रश्न दूरच्या देशाचा मानण्याची चैन महाराष्ट्राला परवडणारी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक होती. या मुलांतील किती जणांनी कोणती पुस्तके वाचली होती, हे कोणी विचारलेले नाही. त्यांच्याशी अखेरचे मनमोकळे कोण बोलले होते, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराने स्वतःला विचारावा असा आहे. आत्महत्येचा विषय काढला तर ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने ही समजूत चुकीची ठरविली आहे. मोकळेपणाने विचारल्याने त्रस्त व्यक्तीला दुसरा मार्ग दिसू शकतो आणि पुन्हा विचार करावयास अवसर मिळतो, असे ती सांगते.

या विषयावर भारतीय परंपरेने एक अखंड उपनिषदच मागे ठेवले आहे. कठोपनिषदातील नचिकेता हा कोवळ्या वयाचा मुलगा. वडील यज्ञात दूध आटलेल्या, थकलेल्या गाई दान देत आहेत, हे तो पाहतो. मोठ्यांच्या वागण्यातील ही विसंगती त्याला बोचते. मला कोणाला देणार, असे तो विचारतो. एकदा, दोनदा, तीनदा. वैतागलेला पिता रागाने म्हणतो, तुला मृत्यूला दिले. आजच्या घरांतही प्रश्न विचारणाऱ्या मुलाला संतापाने दिलेली उत्तरे याहून फार वेगळी नसतात. नचिकेता यमाच्या दारी जातो आणि तीन रात्री उपाशी वाट पाहतो. यम परततो, तेव्हा मुलाला ताटकळत ठेवल्याचे त्याला वाईट वाटते आणि तो तीन वर देऊ करतो. मृत्यूच्या घरात उभ्या असलेल्या त्या मुलाने मागितलेला पहिला वर कोणता? वडिलांचा राग शांत व्हावा, हा. घराविषयी मुलाच्या मनात काय असते, हे सांगण्यास एवढे पुरे आहे.

तिसऱ्या वरात तो मृत्यूविषयीच विचारतो. यम प्रथम टाळतो. हत्ती, घोडे, सोने, भूमी, दीर्घायुष्य, अप्सरा, हवे ते माग, पण हा प्रश्न सोड, असे तो म्हणतो. मुलाने अवघड विषय काढताच त्याच्या हाती नवा मोबाइल किंवा सहलीचे तिकीट ठेवणारे पालक हेच करीत असतात. नचिकेता भुलत नाही. मग यम त्याला शाबासकी देतो, समोर बसवतो आणि सारे काही सांगतो. स्वामी विवेकानंदांना नचिकेत्याच्या श्रद्धेचे विलक्षण आकर्षण होते. त्या श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्या यमाने शेवटी मुलाला उत्तराचा अधिकारी मानले, हा कथेचा दुसरा अर्धा भाग पालकांनी लक्षात ठेवावयाचा आहे.

मग व्यवहारात काय करावे? प्रथम पुस्तक स्वतः वाचावे. न वाचता केलेला निषेध मुलांना लगेच ओळखू येतो आणि त्यानंतर त्या विषयावरचे वडीलधाऱ्यांचे कोणतेही मत त्यांच्या लेखी फोल ठरते. बोलणे सुरू करताना मुलाविषयी विचारू नये, पात्राविषयी विचारावे. ‘तुला असे कधी वाटते का?’ या प्रश्नाला दार बंद होते. ‘तिने आईला का सांगितले नसेल?’ या प्रश्नाला उत्तर मिळते आणि पुष्कळदा त्या उत्तरात मुलाचे स्वतःचे मन असते. प्रत्येक बोलण्याचा शेवट बोधवचनाने करण्याचा मोह आवरावा. वय आणि स्वभाव पाहून एखादे पुस्तक ‘आता नको, दोन वर्षांनी वाच’ असे सांगण्याचा अधिकार पालकांना आहे आणि तो बजावण्यात संकोच नसावा. मात्र त्याचे कारण सांगितले पाहिजे. मूल एकाकी झाले, झोप-भूक हरवली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा जगणे निरर्थक असल्याचे बोलू लागले, तर पुस्तकावरची चर्चा बाजूला ठेवून सरळ आणि प्रेमाने विचारावे आणि तज्ज्ञांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तेथे दूरध्वनी करण्यात घराण्याची अब्रू जात नाही.

कुटुंब प्रबोधनाच्या कार्यात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन, भजन आणि गप्पा करण्याचा आग्रह धरला जातो. त्या गप्पांत एखाद्या आठवड्यात मुलांनी वाचलेल्या पुस्तकाला जागा मिळावी आणि त्या वेळी मोठ्यांनी श्रोते व्हावे. सगळीच मुले आईवडिलांपाशी बोलत नाहीत. काहींना मावशी, काका, संस्कार वर्गाच्या ताई किंवा शाखेचे मुख्य शिक्षक अधिक जवळचे वाटतात. अशा कार्यकर्त्यांवर येणारी जबाबदारी गंभीर आहे. ‘स्पीक’सारख्या कादंबरीवर बोलता बोलता एखादी मुलगी किंवा मुलगा स्वतःवरील अत्याचार सांगू लागला, तर तो ऐकून पोटात ठेवण्याची मुभा कोणालाही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. अपराधी नात्यातला, ओळखीचा, प्रतिष्ठित असला तरी यात फरक पडत नाही. कुटुंबाची किंवा संस्थेची लाज राखण्यासाठी मुलाला गप्प बसविणे याला संस्कार म्हणता येणार नाही.

हे सारे परक्या मालाला प्रतिष्ठा देणे आहे, असा आक्षेप काही वाचक घेतील. त्यात एक सत्य आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकील यांची २००४ मधील ‘शाळा’ यांनी किशोरवयाचे मन मराठीत उत्तम टिपले. तथापि आजच्या चौदा वर्षांच्या मुलाला रात्रभर जागवील अशी, त्याच्या भीतींना नाव देणारी मराठी पुस्तके त्याच्या हाती फारशी पडत नाहीत. ती लिहिली जावीत, छापली जावीत आणि वाढदिवसाला भेट दिली जावीत, यासाठी समाजाने खटपट केली पाहिजे. पण तोवर मुले थांबणार नाहीत आणि त्यांचे प्रश्न तर मुळीच थांबणार नाहीत.

राष्ट्र सेविका समितीच्या संस्थापिका लक्ष्मीबाई केळकर यांनी रामायणावर प्रवचने केली. सीतेच्या हरणाची आणि तिच्या अग्निदिव्याची कथा घराघरांतील मुलींसमोर बोलण्यास त्यांना अवघड वाटले नाही. ज्या समाजात वंदनीय मावशींनी ही वाट घालून दिली, त्या समाजातील आईला मुलीच्या उशाशी असलेले पुस्तक उचलून ‘यातल्या त्या मुलीचे पुढे काय झाले ग?’ एवढे विचारता यावयास हवे. मुलगी सांगू लागली, तर स्वयंपाक थोडा उशिरा झाला तरी चालेल.